गाईड पथकातल्या मुलींनी कुठले बॅज घ्यावेत? सांगली-मिरजकरांनो, जरा मदत करा

कृष्णाकाठची_बाई

नमस्कार मंडळी. मी मिरज तालुक्यात नदीकाठच्या एका गावात शिक्षिका आहे, शाळा आठवीपर्यंत. आधीच्या बाईंची बदली झाली आणि जूनमध्ये गाईड पथक माझ्या गळ्यात पडलं. खरं सांगायचं तर मी लहानपणी गाईड नव्हते, बेसिक कोर्स तेवढा केलाय, त्यात गाठी शिकले आणि अर्ध्या विसरले. पथकात २३ मुली आहेत सहावी ते आठवीच्या, तीन संघ, जाई जुई आणि शेवंती. त्यातल्या १४ जणींचा प्रथम सोपान झालाय, बाकीच्या नुसत्या प्रवेशवाल्या.

आता मुख्याध्यापक विचारायलेत राज्य पुरस्काराला किती मुली बसवणार, पालक विचारायलेत दहावीला मार्क मिळणार का, आणि मी एपीआरओचं, म्हणजे स्काऊट-गाईडच्या नियमांचं, गाईड विभागाचं पुस्तक उघडून बसलीय तर त्यात बॅजच बॅज. कुक, सायकलिस्ट, पाथफाइंडर, अॅम्ब्युलन्स, गार्डनर, स्विमर, इंटरप्रिटर, वाचता वाचता डोळे फिरले. सोपे कुठले, कुठल्याला परीक्षक मिळतो, खर्च कशाला कमी, कुणी हे केलं असेल तर सांगा. मला वाटतंय कुक, नीडल वर्क आणि गार्डनर सगळ्यांना सरसकट द्यावेत म्हणजे विषय संपला.

बेदाणा_तासगाव

बाई, मुलींना विचारलंत का?

सरकारी_घाट

बेदाण्याशी सहमत पण आधी गणित करा. प्रवेश, प्रथम सोपान, द्वितीय, तृतीय, मग राज्य पुरस्कार आणि त्याच्यावर राष्ट्रपती पुरस्कार, अशी शिडी आहे. प्रत्येक पायरीवर ठरावीक महिने काढावेच लागतात, उडी मारता येत नाही. आठवीतल्या ज्या पोरीचा आत्ता प्रथम सोपान झालाय ती तुमच्या शाळेत असेपर्यंत राज्य पुरस्काराला पोचणारच नाही, मुख्याध्यापकांना हे कागदावर मांडून दाखवा. तिचं लॉगबुक मात्र नीट भरा, सह्या तारखा सगळं, म्हणजे नववीला ज्या हायस्कूलला जाईल तिथं पथक असलं तर पुढं चालू ठेवता येतं. सहावीवाल्या तुमचा खरा माल, त्यांच्याकडे वेळ आहे.

मार्कांचं म्हणाल तर ज्या वर्षी मुलगी दहावीला असेल त्या वर्षीचं परिपत्रक हायस्कूलच्या क्लार्ककडनं बघायचं. सहावीतल्या पोरीच्या आईला आज शब्द देऊ नका, नंतर तुमच्याच दारात येतील.

जुनी_गाईड_विटा

कृष्णाकाठची बाई, रागावू नका पण ते "सरसकट द्यावेत म्हणजे विषय संपला" वाचून पोटात ढवळलं म्हणून लिहितेय, नाहीतर मी इथं नुसती वाचत असते.

मी शाळेत असताना आमच्याकडे असंच झालं होतं. शाळेचं नाव घेत नाही. एका दुपारी बाईंनी सगळ्यांची लॉगबुकं गोळा केली आणि तासाभरात माझ्या नावावर अॅम्ब्युलन्स बॅज, म्हणजे प्रथमोपचाराचा, आणखी दोन कसले तरी. आईनं बाहीवर टाके घालून शिवले, फोटोबिटो काढला. त्याच वर्षी उसाच्या तोडीत बाबांच्या पायाला कोयता लागला, रक्ताची चिळकांडी, आणि मी उभीच. काकूनं पदर फाडून दाबून धरला, पाय उशीवर वर घेतला, आणि मी बॅजवाली नुसती रडत होते. घट्ट दाबून धरायचं आणि सोडून सोडून बघायचं नाही, एवढंच तर होतं, ते मला पुढं नोकरीत एका ट्रेनिंगमध्ये कळलं. तो युनिफॉर्म अजून ट्रंकेत आहे. बॅज मी उसवून टाकला.

तेव्हा एकच द्या पण खरा द्या.

दोन_मुलींची_आई

कुक आणि नीडल वर्क सरसकट?? बाई माझी थोरली सातवीत आहे, दुसऱ्या शाळेत, तिलाही गाईडमध्ये हेच दिलं. ती म्हणाली मम्मी मी रोज सकाळी कणीक मळतेच की, त्याचा बॅज तू दे. शेजारच्या स्काऊटच्या पोरांना मात्र तंबू, दोरीचा पूल, सगळी मजा.

बेदाणा_तासगाव

@दोन_मुलींची_आई टाळ्या. कुक बॅज सगळ्यात आधी स्काऊटच्या पोरांनाच दिला पाहिजे, पण तो वेगळा धागा.

बरं हे मुलींना विचारा म्हणतोय ते काही माझं नवीन डोकं नाही. गाईडची सुरुवातच तशी झालीय. १९०९ ला लंडनला क्रिस्टल पॅलेसमध्ये स्काऊटचा मेळावा भरला होता, मुलांचा. तिथं मुली आपणहून येऊन उभ्या राहिल्या की आम्हालाही पाहिजे. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. मग १९१० ला गर्ल गाईड्स निघाली, स्काऊट काढणाऱ्या बेडन पॉवेलची बहीण अॅग्नेस बघायची सुरुवातीला. आणि १९११ ला आपल्याकडे जबलपूरला पहिलं पथक. मुलींनी मागून घेतलेली गोष्ट आहे ही, आपण वरनं वाटप करायला लागलो की तिचं रेशन दुकान होतं.

दंडोबा_ट्रेकर

माझं ऐकाल तर सगळ्यांना घेऊन एकदा दंडोबाच्या डोंगरावर या. भोशाच्या बाजूनं चढ सोपा आहे. सकाळी जावा, मुलींकडे कंपास आणि हातानं काढलेला नकाशा द्या, तीन दगडांची चूल, आणि बिनभांड्याचा स्वयंपाक करायला लावा. निखाऱ्यात वांगी बटाटे, काठीला कणीक गुंडाळून भाजलेली पोळी. कणीक रोज मळणाऱ्या पोरीलाही हे येत नाही बघा, आणि मग कुक बॅजची चव बदलते. मात्र निखारे पूर्ण विझवून, पाणी ओतून, हात लावून बघून मगच हलायचं, वाळलेलं गवत असतंय तिथं.

हळद_भिशी

व्हय, आणि पाणी जास्तीचं न्या. मागच्या उन्हाळ्यात आम्ही गेलो तर निम्म्यातच संपलं.

कृष्णाकाठची_बाई

सगळ्यांचे आभार, आणि @जुनी_गाईड_विटा ताई रागावले नाही, उलट ते वाचून रात्री झोप लागली नाही. शनिवारी शाळा सुटल्यावर मी तिन्ही संघांना वेगवेगळं बसवलं आणि म्हटलं की तुम्हीच ठरवा, मी व्हरांड्यात आहे. मग तिन्ही संघनायिका आणि मी अशी कोर्ट ऑफ ऑनर भरवली, पहिल्यांदाच, मला वाटत होतं नुसती पुस्तकात असते.

जाई संघाला सायकलिस्ट पाहिजे. का तर दोघीजणी रोज साडेतीन किलोमीटरवरनं सायकलनं येतात आणि पंक्चर झालं की ढकलत यावं लागतं, तोपर्यंत प्रार्थना होऊन गेलेली असते.

जुई संघाला स्विमर पाहिजे. मी म्हटलं का गं, तर एक सहावीतली म्हणाली, बाई २०१९ ला आमच्या घरात पाणी आलं तेव्हा दादाला पोहता येत होतं म्हणून त्याला बोटीत शेवटी बसवलं आणि मला आधी. मला बी शेवटी बसायचंय.

मला काही सुचलंच नाही पुढं.

शेवंतीवाल्यांचं भांडण चाललंय, अर्ध्या अॅम्ब्युलन्स म्हणतात अर्ध्या पाथफाइंडर. आणि एक जण कोपऱ्यात गप्प. तिला विचारलं तर म्हणाली मला काहीच येत नाही. ती कर्नाटकातल्या अथणीकडची, वडील इकडे कारखान्यावर आहेत, मराठी अडखळत बोलते.

सरकारी_घाट

तिला इंटरप्रिटर! बाई, तुमच्या पथकात आयता दुभाष्या बसलाय आणि ती म्हणतीय काही येत नाही. मिरजेच्या कुठल्याही दवाखान्यात जाऊन बघा, निम्मे पेशंट कर्नाटकातले, केसपेपरच्या खिडकीपाशी कन्नड येणारं कुणी भेटलं की त्यांचा जीव भांड्यात पडतो. परीक्षक म्हणून मिरजेच्या कन्नड शाळेतले एखादे सर बघा.

दोन_मुलींची_आई

सहावीतल्या पोरीचं वाचून डोळ्यात पाणी आलं. पण बाई स्विमर कुठं शिकवणार? नदीत नका उतरवू हं, मगरी आहेत.

औदुंबर_काठ

मगरीचं खरंय. भिलवडी, औदुंबर, चोपडेवाडी, आमच्या पट्ट्यात मगर दिसली नाही असा उन्हाळा जात नाही, धुणं धुवायच्या घाटावरसुद्धा सांभाळूनच बसतात बायका. नदी बाद. आमच्याकडे पोरं विहिरीतच शिकली, पाठीला पत्र्याचा हवाबंद डबा बांधायचा आणि चुलत्यानं वरनं ढकलायचं. ही पद्धत मुलींच्या पथकाला सांगत नाही मी, तेवढं समजून घ्या. पायऱ्यांची विहीर, दोन पोहणारी मोठी माणसं पाण्यात, एक काठावर दोर घेऊन, आणि एका वेळी चार मुली. नाहीतर सरळ सांगलीत तलावाची बॅच लावा, तिथं शिकवायला बाई असतील का ते आधी विचारा, त्याच्यावरनंच निम्मे पालक हो-नाही ठरवतात.

आणि बुडणाऱ्याला वाचवायचं म्हणजे उडी मारायची असं नाही हे पहिल्या दिवशीच शिकवा. आधी काठी, ओढणी, दोर जे असेल ते फेकायचं, ट्यूब, रिकामी कळशी, काहीही. नवशिक्या पोहणाऱ्यानं उडी मारली की दोघं जातात. आम्ही बघितलंय.

जुनी_गाईड_विटा

शेवंतीच्या भांडणावर माझं मत, दोन्ही घ्या पण पाथफाइंडर गावापुरता करा. पाथफाइंडर म्हणजे आपल्या परिसराची खडान् खडा माहिती, अनोळखी माणसाला नीट वाट सांगता येणं, नकाशा काढता येणं. तुमचं गाव पूरपट्ट्यातलं. मग मुलींनी घरोघरी जाऊन २०१९ चं पाणी भिंतीवर कुठपर्यंत आलं होतं ते विचारावं, बऱ्याच घरांवर रंगानं खूण केलेली असते अजून. कुठल्या घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे, कुठं गरोदर बाई, जनावरं कुणाची किती, उंचावरची वाट कुठली आणि ती कधी बंद पडते, हे सगळं एका ड्रॉइंग पेपरवर. ज्याला बॅज म्हणतात तो हा.

अॅम्ब्युलन्सला उसाच्या गावात साप सोडून चालणार नाही. ब्लेडनं कापायचं नाही, तोंडानं ओढायचं नाही, दोरी आवळायची नाही. माणसाला झोपवून, चावलेला हात किंवा पाय लाकडाच्या पट्टीला बांधल्यासारखा स्थिर ठेवून, १०८ ला फोन नाहीतर मिळेल ती गाडी, आणि ज्या दवाखान्यात सापाच्या विषावरची लस आहे तिथं. मांत्रिकाकडे अर्धा तास गेला की गेला. मुलींच्या गळ्यातला स्कार्फ उघडला की त्रिकोणी बँडेज होतं, हे त्यांना करून दाखवा, शोभेला दिलेला नाही तो.

हळद_भिशी

सांगलीच्या आयर्विन पुलाचे पाणीपातळीचे आकडे पण घाला नकाशावर. ४० फूट इशारा, ४५ फूट धोका, २०१९ ला ५७ च्या वर गेलं होतं. आमच्या आजीला वाचता येत नाही पण आज किती फूट हे ती टीव्हीवर आकडा बघून सांगते. पोरींनी पुलाचे फूट आणि आपल्या गल्लीतलं पाणी यांचा मेळ घातला ना, म्हणजे पुलाला ४८ झालं की मारुतीच्या देवळाची पायरी बुडते असं काहीतरी, तर गावाला लई उपयोग होईल. ४८ मी उदाहरण म्हणून म्हटलं, तुमच्या गावाचा आकडा वेगळा असणार.

कृष्णाकाठची_बाई

बरेच दिवसांनी येतेय, परीक्षा होत्या.

मुख्याध्यापकांना सरकारी_घाट दादांचं गणित फळ्यावरच मांडून दाखवलं. थोडे हिरमुसले, मग म्हणाले ठीक आहे, सहावीच्या सात जणींचा रस्ता धरा. आठवीच्या सहा जणींची लॉगबुकं पूर्ण करून झाली, त्यात दोघींच्या जुन्या सह्याच नव्हत्या, आधीच्या बाईंना फोन करून त्यांच्या नव्या गावी पाठवून आणल्या.

नकाशाचं काम सगळ्यात जोरात चाललंय, तीन ड्रॉइंग पेपर जोडून भिंतीएवढा झालाय. पहिल्या दिवशी लोक मुलींना म्हणायचे कशाला गं पाहिजे हे, ग्रामपंचायतीनं पाठवलंय का, काही मिळणार आहे का. एका आज्जीनं मात्र आत नेऊन देवळीवरची रेघ दाखवली आणि म्हणाली ही २०१९ ची, ही खालची २००५ ची, आणि चुलीमागं आमच्या सासूनं दाखवलेली होती ती पडक्या भिंतीबरोबर गेली. मुलींनी ती गेलेली रेघसुद्धा तुटक काढलीय नकाशात. मी नको म्हणाले होते, संघनायिकेनं ऐकलं नाही.

अथणीवाली आता शेवंतीत सगळ्यात जास्त बोलते. सरावाला म्हणून तिनं भाजीवाल्या मावशींचं आणि माझं भांडण कन्नड-मराठीत करून दाखवलं, म्हणजे मावशी काय म्हणाल्या ते मला सांगताना तिनं दोन शब्द गाळले. परीक्षक सर हसून म्हणाले दुभाष्यानं गाळायचं नसतं, पुढच्या महिन्यात परत ये. ती रडली नाही, उलट तावातावानं म्हणाली सर ते शब्द बाईंना सांगण्यासारखे नव्हते.

स्विमरचं अजून घोडं अडलंय. नऊपैकी पाच पालक तयार, चार नाहीत. दोघांचं म्हणणं पोहायचे कपडे. मी म्हटलं पूर्ण बाह्यांचे, गुडघ्याखाली येणारे मिळतात, ते म्हणाले बघू. बघू म्हणजे काय ते तुम्हाला माहितीय.

औदुंबर_काठ

त्या चार जणींच्या आयांना एकदा तलावावर घेऊन जावा. बापांना नको. बसून बघू देत बॅच, चहा पाजा. आमच्या वहिनीनं असंच केलं होतं.

दंडोबा_ट्रेकर

आणि पाच जणींची बॅच चालू करून टाका, चारसाठी थांबू नका. आणि हो, प्लास्टिक टाइड टर्नर्स म्हणून एक चॅलेंज बॅज आहे, संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण विभागाचा आणि जागतिक गाईड-स्काऊट संघटनांचा मिळून. घाटावर गणपती विसर्जनानंतर जे पिशव्यांचं साचतं ते गोळा करून मोजायचं, वापर कमी करायचा, लोकांना सांगायचं. खर्च काही नाही, हातमोजे तेवढे. सहावीवाल्यांना आवडेल.

बेदाणा_तासगाव

दमवू नका हो पोरींना. एका वर्षात किती बॅज?

जुनी_गाईड_विटा

बेदाणा बरोबर. सोपानाला जे लागतात ते एपीआरओ बघून धरा, त्याच्यापलीकडे प्रत्येकीनं आपल्या मनाचा एक. पैशाचं काय केलंत बाई? तलावाची फी, पंक्चरचं सामान?

कृष्णाकाठची_बाई

खरी कमाई केली ना! आठवडी बाजारात मुलींनी भडंग विकलं. आदल्या दिवशी शाळेत परतलं, लसूण आणि कढीपत्ता घरनं, चुरमुरे शेंगदाणे उधारीवर. खर्च वजा जाता १,१४० रुपये राहिले. हिशेब जुई संघानं ठेवला, त्यात एका गिऱ्हाइकाचे दहा रुपये जास्त आले म्हणून दोघीजणी त्याला शोधत एसटी स्टँडपर्यंत गेल्या, तोवर गाडी सुटलेली. ते दहा रुपये वहीत वेगळे लिहून ठेवलेत, "लाल टोपीवाले काका" अशा नावानं.

दोन_मुलींची_आई

लाल टोपीवाले काका 😄 कुणाच्या ओळखीत असतील तर कळवा रे.

बाई, २२ फेब्रुवारीला गाईडचा चिंतन दिन असतो ना, तेव्हा मुलींना पुण्याला संगमला नेता आलं तर बघा. जागतिक गाईड केंद्र आहे, १९६६ पासून, जगात अशी मोजकीच आहेत, आणि आपल्यापासून एका रात्रीच्या रेल्वेवर. आधी त्यांना मेल करून परवानगी घ्या मात्र.

कृष्णाकाठची_बाई

१,१४० रुपयांत पुणे होत नाही ताई 😀 पण भडंग अजून दोन-तीनदा केलं तर बघू.

काल सायकलिस्टची चाचणी झाली. परीक्षक म्हणून गावातले सायकल दुकानवाले मामा, त्यांना रीतसर पत्र दिलं होतं तर इस्त्रीचा शर्ट घालून आले. रस्त्याचे नियम, हाताचे इशारे, चेन बसवणे, ब्रेक आवळणे झालं. मग पंक्चर. मामांनी ट्यूबला आधीच भोक पाडून ठेवलेलं. पोरींनी ट्यूब पाण्याच्या बादलीत धरून बुडबुडा शोधला, घासली, सोल्युशन लावलं, वाळायला थांबल्या, पॅच ठोकला, सगळं बरोबर. फिरवून आणली तर शंभर पावलांवर परत फुस्स. मामा काही बोलले नाहीत, हाताची घडी घालून उभे. सगळ्या रडकुंडीला. तेवढ्यात त्यातल्या एकीनं, तीच ती साडेतीन किलोमीटरवाली, टायर काढून आतून बोट फिरवलं आणि बोटाला रक्त आलं. बाभळीचा काटा टायरमध्येच होता, मामांनीच ठेवलेला.

मामांनी बॅज दिला, पण मला बाजूला घेऊन म्हणाले बाई पुढच्या वेळी बोट नाही, कापडाचा बोळा फिरवायला शिकवा. आता हे शेवंतीवाल्या म्हणतायत, बोटाला पट्टी आम्ही बांधली, त्यांचं अॅम्ब्युलन्समध्ये धरायचं का?

जुनी_गाईड_विटा

धुतलं होतं का आधी साबणानं? धनुर्वाताचं इंजेक्शन कधी झालंय ते विचारलं का? दोन्हीला हो असेल तर लॉगबुकात एक ओळ लिहा, बॅज परीक्षा झाल्यावरच.

कृष्णाकाठची_बाई

धुतलं होतं. इंजेक्शनचं विचारलं नव्हतं. आत्ता तिच्या आईला फोन करते.